करवंदीच्या बंगल्याचा सातवा भाग

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या राज्य अतिथिगृहात उतरलेला माणूस जाताना काही ना काही विसरतोच, हे पद्माकर अमृतकरांना सतरा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. कवळी, छत्री, सोवळ्याचं धोतर, एकदा तर सबंध गुळाची ढेप. स्वागतकक्षामागे अशा वस्तूंसाठी लाकडी कपाट होतं. वस्तूला तारखेची आणि खोली क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, सहा महिने वाट बघायची, कोणी विचारायला आलं नाही तर साहेबांच्या सहीने ती निकालात काढायची, असा नियम होता. अमृतकर मूळचे चाळीसगावचे, बी. कॉम. झालेले. नियम मोडणं त्यांच्या हाडात नव्हतं.

फेब्रुवारी ब्याण्णवमध्ये अकरा नंबरच्या खोलीत एक कादंबरी सापडली. ‘करवंदीचा बंगला, भाग पहिला’. सासवडच्या कोणा निवृत्त शिक्षकाने लिहिलेली. अमृतकरांनी ती रात्रपाळीत चाळायला घेतली आणि सकाळी चहावाला येईपर्यंत संपवली. मग पुन्हा चिठ्ठी बांधून कपाटात ठेवली. ऑगस्टमध्ये सहा महिने पूर्ण झाले, साहेबांनी सही केली, आणि त्याच रविवारी ते पुस्तक घेऊन सरोजिनी नगरला रेगेवहिनींकडे गेले.

सुनेत्रा रेगे तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा अविनाश केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होता. मंडळाच्या गणपतीत अमृतकरांचा कॅरममधला जोडीदार. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात, रविवारी दुपारी, कूलरची वाळ्याची जाळी बदलताना तो हातातल्या ओल्या गवतासकट खाली बसला तो उठलाच नाही. सुनेत्राबाईंना अनुकंपेवर त्याच कार्यालयात नोकरी मिळाली, त्यामुळे क्वार्टरही राहिलं. नऊ वर्षांची मयुरा होती. बाई कामावर जात, येत, स्वयंपाक करत. पण बोलत नसत. कोणी काही विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच.

पुस्तक दिल्यानंतरच्या रविवारी अमृतकर गेले, तर दार उघडता उघडताच त्या म्हणाल्या, “पुढचा भाग निघालाय का हो?”

सव्वा वर्षात त्यांनी आपण होऊन उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. अमृतकर चप्पल काढायची विसरून तसेच आत गेले.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. कोकणात, करवंदीच्या जाळ्यांमध्ये एक बंगला. तिथे राहणाऱ्या अनघाचा नवरा विश्राम तरुणपणीच जातो, आणि अमावास्येला दिवे लावायच्या वेळी परत येतो. घटकाभर बसतो, बोलतो, जातो. यात भीतीचं काही नव्हतं. होतं ते प्रेमच. फक्त त्याला एक अट होती. ज्या उंबऱ्यावरून देह बाहेर गेला त्याच उंबऱ्यावरून आत्म्याला आत येता येतं. अमावास्येच्या सांजेला त्या घरात बायको नसेल, तर त्याची वाट मोडते. एकदा मोडली की कायमची.

पुण्याहून नियमित येणाऱ्या एका पाहुण्याला अमृतकरांनी सांगून ठेवलं, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी पुढचा भाग त्या गृहस्थाच्या पिशवीतून दिल्लीला येऊ लागला. अमृतकर त्याला खाकी कव्हर घालत, एका दिवसात वाचत आणि रविवारी सरोजिनी नगरला पोचवत. तिथे मयुरा दारातच ओरडायची, “मम्मी, अंकल आले! भूतवाली किताब लाए क्या?”

“अंकल नाही, काका म्हण,” आतून आवाज यायचा.

“काका, भूत या वेळी तरी डरावना आहे का? की परत बसून नुसतं बोलतंच?”

“बोलतंच,” अमृतकर म्हणायचे.

“बोअर आहे यार तुमचं भूत. आमच्या शाळेतल्या पिंपळावरचं निदान थप्पड तरी मारतं.”

मग चहा, पोहे आणि पुस्तकावर चर्चा. अनघाने दिराला घर विकायला नकार दिला ते बरोबर की चूक? विश्राम हल्ली कमी का बोलतो? अमृतकरांना त्या दोन तासांसाठी आठवडा काढावासा वाटे. लग्न राहूनच गेलं होतं त्यांचं. आधी बहिणी, मग बदली, मग वय. अतिथिगृहाच्या मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांच्या एका खोलीत ते राहत आणि रविवारची दाढी शनिवारीच करून ठेवत.

तिसरा भाग आला त्या वर्षी सुनेत्राबाईंनी त्यांना सांगितलं. पोह्यांवर खोबरं पेरता पेरता, खाली बघूनच.

“मी पण बसते. अमावास्येला. दिवा लावून दार उघडं ठेवते. ऑफिसातलं सांगते, मयुरेचे मार्क सांगते. हसू नका.”

“हसत नाही.”

“येतात असं मी म्हणत नाही. पण ती वेळ चुकवायची हिंमत होत नाही. आणि चुकवल्यावर कळलं, की येत होते, तर?”

अमृतकर हसले नाहीत. खोलीवर जाऊन त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षभराच्या अमावास्यांना पेन्सिलीने बारीक टिंबं दिली, म्हणजे चुकूनसुद्धा त्या संध्याकाळी आपण तिकडे जायला नको.

त्या संध्याकाळींना सुनेत्राबाईंनी काय काय वाहिलं हे हळूहळू त्यांना कळत गेलं. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न नेमकं अमावास्येच्या आसपास होतं, गेल्या नाहीत. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. बढती झाली तशी वरच्या श्रेणीचं, एक खोली जास्त असलेलं क्वार्टर आर. के. पुरमला मंजूर झालं, नाकारलं. सरकारी घर नाकारलं की पुढे वर्षभर अर्ज करता येत नाही. वर्षाने पुन्हा मंजूर झालं, पुन्हा नाकारलं. कार्यालयातल्या बायका म्हणायच्या, “मिसेस रेगे, पागल हो गई हो? लोग टाइप थ्री के लिए मरते हैं।” त्या म्हणायच्या, मुलीची शाळा इथून जवळ आहे. मयुरा बिचारी स्वयंपाकघरात पाटावर वही ठेवून अभ्यास करायची.

सगळी दिल्ली त्या काळात कात टाकत होती. सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी जाणारे पण किंचित फसलेले कपडे ढिगाने येत होते. यमुनेपलीकडे आणि हरियाणात, जिथे परवापर्यंत मोहरी डोलत होती तिथे सेक्टर पडत होते. अमृतकरांनी फरीदाबादच्या एका सहकारी संस्थेत नाव घातलं होतं. सत्त्याण्णवमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा ताबा मिळाला. ओटा किती उंच ठेवू, असं गवंड्याने विचारलं, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि हाताने उंची दाखवली. ती त्यांच्या स्वतःच्या उंचीच्या माणसाला पुरती गैरसोयीची होती.

त्याच डिसेंबरात, बाजारातून मयुरेसाठी स्वेटर घेऊन परतताना त्यांनी विचारलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला जमेल तसं.

“वहिनी, फरीदाबादचं घर मोठं आहे. मला एकट्याला कशाला हवं? तुम्ही दोघी आलात तर... म्हणजे रीतसरच. नोंदणी करून.”

सुनेत्राबाई चालायच्या थांबल्या. शेजारी एक पोरगा “सौ का दो, सौ का दो” म्हणून ओरडत होता.

“वहिनी म्हणूनच विचारताय होय?” त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. मग म्हणाल्या, “आणि अमावास्येला?”

“अमावास्येला मी इथे आणून सोडीन. दर महिन्याला. रजा टाकीन.”

“पाचव्या भागात काय झालं ते विसरलात? अनघा दुसऱ्याच्या घरची होण्याचा नुसता विचार करते, तर तो उंबऱ्यापाशी धुरासारखा विरत जातो. घरात नुसतं असणं पुरत नाही, अमृतकर. त्या घरचं असावं लागतं.”

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पाचवा भाग अमृतकरांनीच आणून दिला होता आणि ते प्रकरण त्यांना अक्षर न् अक्षर आठवत होतं. दुसऱ्या कोणाही माणसाने ‘अहो, ती गोष्ट आहे’ असं म्हटलं असतं. त्यांच्या तोंडून ते निघेना. पुस्तकात अट घातली होती आणि अट म्हणजे अट.

“मग वाट बघतो,” ते म्हणाले.

“कशाची?”

“पुढच्या भागाची.”

सहावा भाग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत आला. अट होती तिथेच होती, उलट जास्तच आवळलेली. तेव्हा अमृतकरांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. लेखकाला पत्र लिहिलं. आधी कच्चा मसुदा, मग पक्की प्रत. वर उजवीकडे तारीख, डावीकडे ‘विषय : पुढील भागाबाबत नम्र सूचना’. आपण सहाही भाग वाचले आहेत, लेखन उत्तम आहे, असं लिहून त्यांनी पुढे लिहिलं : ‘अनघाची आता चाळिशी उलटली. विश्रामने एकदा तरी आपल्या तोंडाने तिला “जा” म्हणावे, अशी अनेक वाचकांची इच्छा असेल. त्याने म्हटल्याशिवाय ती जाणार नाही. कृपया विचार व्हावा.’

महिन्याने पोस्टकार्ड आलं. ‘सूचना आवडली. हल्ली वाचकांनाही बदल हवा आहे, प्रकाशकही तेच म्हणतात. सातव्या भागात पाहाल.’ अमृतकरांनी ते कार्ड पाकिटात जपून ठेवलं. सुनेत्राबाईंना यातलं काही सांगितलं नाही. आपण साहेबांकडे एखाद्याचं काम परस्पर करून आणतो आणि हुकूम हातात पडल्यावरच सांगतो, तसं हे करावं असं त्यांच्या मनात होतं.

सातवा भाग यायला तीन वर्षं लागली. दोन हजार एकच्या नोव्हेंबरात पुण्याच्या गृहस्थांनी पिशवीतून तो काढला. चकचकीत वेष्टन, वर लाल डोळ्यांची बाई. अमृतकर खोलीचं दार लावून वाचायला बसले.

पहिल्याच प्रकरणात बंगला विकला गेला होता. कोणी विकला, का विकला, काही नाही. एका परिच्छेदात खलास. अनघा नव्या मुंबईत चौदाव्या मजल्यावर राहत होती आणि वयाने अठ्ठावीसची झाली होती. विश्राम लिफ्टमधून येत होता. अमावास्या नाही, सांज नाही. सकाळी नऊ वाजता, मोबाइल वाजत असताना. त्याच्यामागे एक दुसरी मेलेली बाई लागली होती, दूरदर्शनवरच्या मालिकांमधल्यासारखी, दागिन्यांनी मढलेली. विश्रामला विनोद सुचत होते. सहा भागांत ज्याने कधी आवाज चढवला नव्हता, तो टाळ्या मागत होता. आणि एकशे बाराव्या पानावर अनघा त्याला विचारते, ‘पण तुझा उंबरा? तू इथे आलास कसा?’ त्यावर तो हसून म्हणतो, ‘वेडे, तसलं काही नसतंच. तू दुसरीकडे जाऊ नयेस म्हणून सांगितलं होतं मी.’

अमृतकरांनी पुस्तक मिटलं. मग उघडून तेच पान पुन्हा वाचलं. आपण मागितलेला ‘जा’ असा दिला गेला होता.

हे पुस्तक द्यायचं नाही, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. आलंच नाही म्हणायचं. सोपं होतं. पुढचे चार दिवस त्यांनी तसं ठरवलंही होतं. पण त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते, फरीदाबादची खिडकी चार वर्षं बंद होती, आणि काही झालं तरी अट आता उरली नव्हती. छापून आलं होतं तसं. शनिवारी त्यांनी दाढी केली, रविवारी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि नेऊन दिलं. देताना एवढंच म्हणाले, “या वेळी जरा निराळं आहे.”

पुढच्या रविवारी मयुरेने दार उघडलं. ती आता एकोणीसची, कॉलेजातली. ओरडली नाही. बाहेर येऊन दार ओढून घेत म्हणाली, “काका, काय दिलंत तुम्ही तिला? परवा अमावस होती. ती दार लावून लाइट बंद करून झोपली. साडेसहाला! मी लहान असल्यापासून असं कधीच नाही झालं. मी बोलले, मम्मी, पापांची वेळ झाली, तर म्हणाली, पापा गेले बेटा, इक्यानवेमध्ये गेले. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.”

सुनेत्राबाई आतल्या खोलीत होत्या. पुस्तक टेबलावर होतं, कव्हर काढलेलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, “वाईट पुस्तक असतं तर सोडून दिलं असतं, अमृतकर. वाईट पुस्तकं काय कमी वाचलीत? पण त्याने मागची सगळी वाईट केली. आता पहिला भाग उघडला तरी तो खोटं बोलताना दिसतो. दारात उभा राहून, गोड बोलून.”

“लेखकाचं चुकलं. विश्राम तसा नव्हता.”

“लेखकाशिवाय विश्राम कोण आहे हो?” त्यांचा आवाज चढला नाही. “दहा वर्षं मी उघड्या दारात बसून कोणाशी बोलले? शेजारच्या सरदारणीला वाटायचं मी जप करते. भावाला तोडलं. पोरीला स्वयंपाकघरात वाढवलं. आणि ज्याने हे लिहिलं त्याच्या लक्षातसुद्धा नाही. असं वाटतं, कोणीतरी जाऊन त्याला सांगितलं, की बस झालं आता, मोकळी कर तिला. आणि त्याने उचकटून टाकलं.”

अमृतकरांना गप्प राहता आलं असतं. पण नोकरीत इतकी वर्षं ज्याने वस्तूला खरी तारीख लावली, त्याला खोटं कसं जमावं? त्यांनी पाकिटातून पोस्टकार्ड काढलं आणि पुस्तकाशेजारी ठेवलं.

सुनेत्राबाईंनी ते वाचलं. उलटून तारीख पाहिली.

“तीन वर्षं तुमच्याकडे होतं हे?”

“मला वाटलं, विश्रामने चांगल्या शब्दांत निरोप दिला तर तुम्हाला...”

“मला सोपं जाईल.”

“हो.”

“माझ्यासाठी त्याच्या तोंडून वदवून घ्यायला निघालात. मला विचारलं असतंत तर?”

“तर काय म्हणाला असतात?”

“थांबा म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी दोनदा मला सांगायला काही सुचेना त्यांना. तेच ऑफिस, तेच मार्क. एकदा तर डुलकी लागली बसल्या बसल्या. तेव्हा मला वाटलं होतं, की असंच संपत जाईल हे. माणूस कंटाळतो शेवटी. एखाद्या अमावास्येला मी आपण होऊन म्हटलं असतं, की मी आता येते बरं का. ते मला म्हणायचं होतं, अमृतकर. मी.”

दिवेलागणीची वेळ होत होती. मयुरेने बाहेरचा दिवा लावला आणि दाराशीच घुटमळली.

“आता तर कुठलीच अट नाही,” अमृतकर म्हणाले. म्हणता म्हणताच त्यांना कळलं, की हे बोलायला नको होतं.

“नाही ना. म्हणून तर कुठे जावंसंच वाटत नाही.”

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्यानंतरचे दोन रविवार ते गेले, तेव्हा घरात टीव्ही चालू होता आणि तिघं टीव्ही बघत बसली. मे महिन्यात अमृतकर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. कपाटाच्या किल्ल्या नव्या माणसाच्या हाती देताना त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या त्याला वाचून दाखवल्या. मग बिऱ्हाड टेम्पोत घालून फरीदाबादला गेले. पहिल्या आठवड्यातच ओट्यावर वाकून वाकून पाठ धरली.

जुलैत सरोजिनी नगरला गेले तर त्या दारात एक अनोळखी हरियाणवी बाई लसूण सोलत बसली होती.

“रेगे मॅडम? वो तो गए जी। आर. के. पुरम मिल गया उनको। पिछले महीने ही गए।”

“कुछ कहके गईं?”

“हमसे क्या कहेंगी जी?”

पत्ता मयुरेने फोनवर दिला. “काका, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, सॉरी. एकदम घाईत झालं. मम्मीने या वेळी लगेच साइन केलं. माझी वेगळी खोली आहे आता!” मग हळू आवाजात, “खूप चुप असते पण. पहिल्यासारखी.”

ऑक्टोबरात, बदरपूरमार्गे दोन बस बदलून अमृतकर तिथे पोचले. तिसरा मजला, नवा रंग, मोठी खिडकी. मयुरा कॉलेजला गेली होती. सुनेत्राबाईंनी दार उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांना बघून त्या रागावल्या नाहीत, आनंदल्याही नाहीत. पाणी आणून दिलं, पंखा वाढवला, आणि समोरच्या खुर्चीवर बसून, ऑफिसात खिडकीपाशी आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

“बोला. काय काम काढलंत?”

अमृतकरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दहा वर्षं ते या बाईंकडे येत होते आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हातात पुस्तक असे, नाही तर पुस्तकाबद्दलचं बोलणं असे. त्याशिवाय आपण इथे कोण म्हणून येत होतो, हे त्यांना कधी शोधावं लागलं नव्हतं. आज शोधलं तर काही सापडेना.

“काम असं नाही,” ते म्हणाले. “सहज.”

“अच्छा,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

चहा झाला. नव्या क्वार्टरला पाणी किती वेळ येतं ते त्यांनी सांगितलं. फरीदाबादला वीज किती जाते ते अमृतकरांनी सांगितलं. त्यानंतर दोघांनाही सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा अमृतकर उठले. जिना उतरताना वरचं दार बंद झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला. बस लवकर मिळाली.